दक्षिणेची साखर

उन्हाळी भाताची कापणी ऐन भरात होती आणि गावात म्हातारे आणि पोरं सोडली तर एकही बाप्या नव्हता, अशा दिवसांत न्यानचा नवरा सिऊ घरी आला. या गावातले बाप्ये तेतच्या, नव्या वर्षाच्या सणाला येतात, थोडे दिवस राहतात, भावकीत जेवतात, पितात, भांडतात आणि पुन्हा हनोईला, हायफाँगला, सायगावला आपापल्या फोच्या, तांदळाच्या पट्ट्यांच्या रश्शाच्या, हंड्यांकडे निघून जातात. अवेळी आलेला बाप्या म्हणजे एक तर तो आजारी, नाहीतर कुणीतरी मेलेलं. म्हणून सिऊ पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन बांधावरून येताना दिसला, तशा शेतातल्या बायका हातातले विळे थांबवून उभ्या राहिल्या.

"कोण गेलं गं?" एकीनं विचारलं.

"न्यानच्या घरचं तर कुणी ऐकलं नाही," दुसरी म्हणाली, आणि दोघी पुन्हा वाकल्या.

न्यान मागच्या पडवीत चुलीपुढं होती. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेलं कापड, त्यावर तांदळाच्या पिठाची एक पळी, पळीच्या पाठीनं गोल फिरवायची, झाकण घालायचं, आणि वाफ धरली की बांबूच्या पातळ कामटीनं ती सालपापडी अलगद उचलून दांडीवर टाकायची. जरा सुकल्या की एकावर एक ठेवून कापायच्या, अरुंद, मऊ पट्ट्या. फोच्या वाडग्यात तळाशी जातात त्या याच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हेच करत होती. उजवा खांदा आता वर उचलला जात नसे, म्हणून दांड्या तिनं खाली बांधून घेतल्या होत्या.

सिऊनं पेटी उंबऱ्यात टेकवली.

"जेवलात?" तिनं विचारलं.

"गाडीत खाल्लं."

"किती दिवस आहात?"

"आता जायचं नाही. गाडा विकून आलो."

न्याननं पुढची पळी कापडावर ओतली. वाफ डोळ्यांत गेली, तिनं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "तर मग तेवढं पाणी भरून आणा. बादली तिथंच आहे."

फो आमच्याच गावातून निघाला, असं इथला प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येकाची हकिगत वेगळी असते. सिऊचे आजोबा सांगायचे की आधी नदीच्या धक्क्यावर रेड्याच्या मांसाचा रस्सा विकला जायचा. त्यात तांदळाच्या शेवया घालून हमाल आणि होडीवाले उभ्या उभ्या प्यायचे. मग फ्रेंच आले, जवळच्या नाम दिन्हला सुताची गिरणी निघाली. साहेब लोक गाईबैलांचं मांस खायचे आणि हाडं टाकून द्यायचे. ती हाडं गावातल्या माणसांनी उचलली, रात्र रात्र उकळली, खांद्यावर कावड घेतली आणि एका टोकाला हंडा, दुसऱ्या टोकाला वाडगे लटकवून थेट हनोईचा रस्ता धरला. सिऊचा धाकटा भाऊ दाऊ म्हणायचा, या सगळ्या थापा आहेत, आजोबा एका चिनी स्वयंपाक्याच्या हाताखाली शिकले. न्यानची सासू ही भांडणं ऐकून घ्यायची आणि भांडी घासता घासता सुनेला हळूच म्हणायची, "धक्क्यावरचा रस्सा बायका विकायच्या. धंदा चालायला लागला, तसे बाप्ये पुढं झाले."

गावची रीत अशी की रश्शाची कृती मुलाला सांगायची, सुनेला सांगायची, मुलीला नाही. मुलगी परक्या घरी जाते, कृतीही जाईल. सासूनं न्यानला पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं होतं. हाडं भिजवून पहिलं पाणी फेकून द्यायचं, आलं आणि कांदे सालीसकट निखाऱ्यावर काळे करायचे, चक्रीफूल, मसाला वेलची, दालचिनीचा लहानसा तुकडा, आणि मासळीचं खारं पाणी मात्र सढळ हातानं. वरून फक्त कांद्याची पात. साखर नाही. "गोडी हाडांची यायला पाहिजे," सासू बजावायची, "बरणीतली नको." न्याननं ते सगळं ध्यानात ठेवलं, पण हंडा तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. तिच्या वाट्याला पट्ट्या आल्या.

सिऊ दक्षिणेतल्या लढाईवरून वाळून परत आला होता, तेव्हा त्यांचं लग्न झालं. त्या काळात खाजगी धंदा चालत नसे. दोघांनी सहकारी शेतीत भात लावला, थोम नावाची एक मुलगी झाली. पुढं सरकारनं मोकळीक दिली, तसा सिऊ हनोईला गेला. ते दिवस त्यातल्या त्यात बरे. न्यान टोपल्यांत केळीच्या पानांखाली पट्ट्या भरून सकाळच्या बसवर द्यायची आणि संध्याकाळी तोच ड्रायव्हर रिकाम्या टोपल्यांबरोबर निरोप आणायचा. "उद्या जास्त पाठव," किंवा "आज पट्ट्या चिकटल्या." एवढंच, पण ते रोजचं बोलणं होतं. मग हनोईतला तो रस्ता रुंद झाला, सिऊची जागा गेली आणि कुणाच्या तरी ओळखीनं तो दक्षिणेला, सायगावला निघून गेला. तिथवर ओल्या पट्ट्या कशा पोचणार! तिकडं पट्ट्या बारीक, जरा चिवट लागतात, असं त्यानं कळवलं. न्यान तिचा माल नाम दिन्हच्या व्यापाऱ्यांना घालू लागली.

थोमला तिनं एकटीनं वाढवलं. सासऱ्यांचं आणि सासूचं शेवटचं सगळं तिनंच केलं. सिऊ तेतला यायचा आणि दर वर्षी थोडा थोडा तिकडचा होऊन यायचा. भर थंडीत जेवताना बर्फ मागायचा. बोलण्यात तिकडचे हेल यायचे. दाऊ त्याची नक्कल करायचा, थोम हसायची. न्यानला हसू यायचं नाही, पण वाईटही वाटत नसे. तिला तेव्हा झोप हवी असायची.

आता तो कायमचा आला आणि घरात माणसाची अडचण व्हायला लागली. लग्न जुनं होतं, पण एका छपराखाली राहायची सवय दोघांनाही उरली नव्हती. ती पडवीतून आत वळली की तो दारात उभा असायचा. तो चहा करायला उठला की तिनं आधीच केलेला असायचा. त्याचा एक गुडघा सुजला होता. दिवसभर तो तळ्याकाठी बसायचा. पेटीतून त्यानं कसल्या कसल्या बिया काढून तिथं पेरल्या. सब्जा उगवला, लांब पानांची कोथिंबीर उगवली. न्याननं विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा हवा, असं ती धरून चालली.

शरद सरता सरता गावात मूळ पुरुषाचा दिवस असतो. बाहेरगावचे फोवाले तेवढ्यापुरते येतात, आणि वडीलधाऱ्यांना फो खाऊ घालायचा मान एकेका घराकडं जातो. त्या वर्षी तो सिऊकडं आला. त्यानं हाडं आणली, हंडा घासला, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. न्याननं पट्ट्या केल्या. कितीतरी वर्षांनी तिच्या पट्ट्या नवऱ्याच्या रश्शात पडणार होत्या, हे तिच्या ध्यानात आलं, पण पीठ त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दळायचं होतं आणि तो विचार तिथंच राहिला.

सभामंडपात चटया घातल्या. सिऊनं प्रत्येकापुढं वाडगा ठेवला आणि मधोमध तळ्याकाठचा पाला, मुगाचे मोड, लिंबाच्या फोडी, काळ्या गोड सॉसची वाटी. दाऊनं पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

"दादा, हा फो आहे का खीर?"

चटईभर हशा पिकला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं पाल्याच्या ताटाकडं बोट केलं. "आणि हे काय? बैल मेला, त्याचा चारा उरला वाटतं."

"सायगावात यासाठी रांग लागायची," सिऊ म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"सायगावात लोक फणसालासुद्धा साखर लावून खातील. आजोबांनी हे बघितलं असतं तर कावड तुझ्या पाठीत घातली असती."

"तुझ्या हनोईच्या दुकानात तरी आजोबा कुठं उरलेत? तिकडच्या नाजूक लोकांसाठी खारं निम्मं केलंस, पट्ट्या रुंद केल्यास, वर अंडं फोडतोस. मी दक्षिणेला बाटलो, तू हनोईला. त्यात तू मला काय हसतोस?"

"अंडं मागतात म्हणून देतो!"

"मलाही मागितलं म्हणूनच द्यायला लागलो."

म्हाताऱ्यांनी दोघांना गप्प बसवलं. अर्धे वाडगे तसेच परत आले. न्यान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एका वाडग्यात रस्सा घेतला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. साखर होती, पण साखर कुणीही घालतं. त्याखाली आणखी एक चव होती, भाजलेल्या सुक्या माकुळाची, आणि पांढऱ्या मुळ्याची. गाड्यावर घाईत उभा राहणारा बाप्या असल्या गोष्टी आपणहून शोधत नाही. ही घरच्या चुलीवरची चव होती. मग तिनं ताटातले मोड पाहिले. एकेका मोडाची शेपटी खुडलेली होती, सगळ्यांची, नीट. ज्या माणसानं उभ्या जन्मात तिच्या घरात कांद्याची पात निवडली नव्हती, त्यानं सकाळी बसून हे केलं होतं.

तिनं वाडगा संपवला.

दुपारी दोघं तळ्याकाठी भांडी घासत होती. दाऊ गाडीत बसून हनोईला निघून गेला होता.

"थोमचे बाबा, मोडांच्या शेपट्या खुडायला कुणी शिकवलं?" न्याननं विचारलं.

सिऊचा हात हंड्यात थांबला.  मग म्हणाला, "साऊनं."

"हे कसलं नाव?"

"तिकडं माणसांना आकड्यानं हाक मारतात. घरातली धाकटी, आकड्यानं सहावी, म्हणून साऊ. माझ्या शेजारी कॉफीचा गाडा होता तिचा. नवरा लढाईत गेलेला."

"आपल्या बाजूनं?"

"त्यांच्या."

न्याननं राखेची चिमूट घेतली आणि वाडगा घासायला लागली. "पोरं?"

"नाहीत. म्हणजे तिला नव्हती. आम्हालाही नाही झाली."

"आणि आता कुठं आहे?"

"गेली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला. पोटात गाठ होती, उशिरा कळलं." तो तळ्याकडं बघत होता. "शेवटचे काही महिने मीच करायचो तिचं. गाडा बंदच होता."

न्यानला सगळं लक्षात आलं. कापणीच्या दिवसांत हा माणूस बांधावरून का आला, ते शेतातल्या बायकांनी तिच्या आधी ओळखलं होतं.

"ती असती तर आला नसतात," ती म्हणाली.

"तेतला आलो असतो," सिऊ म्हणाला.

त्याला खोटं बोलता आलं असतं. नंतर न्यानला पुष्कळदा वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं. त्या वेळी तिनं आपल्यात राग शोधला. असायला हवा होता, पण हाताशी सापडेना. गुडघे दुखत होते, उन्हं उतरत होती, आणि अजून टोपलीभर वाडगे घासायचे होते.

"हंडा उलटा घाला," ती म्हणाली. "पाणी निथळू दे."

दुसऱ्या दिवशी न्यान उठली नाही. तांदूळ भिजत पडला. व्यापाऱ्याची मोटरसायकल आली, भोंगा वाजवून वाजवून गेली. संध्याकाळी थोम आली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती आणि गावातच दिली होती, म्हणून रोज डोकवायची.

"आई, ताप आहे का?" तिनं कपाळाला हात लावला.

"नाही."

"मग काय होतंय?"

"दमलेय."

"कालच्या कामानं?"

"कालचं नाही गं ते. जुनं आहे."

मग न्याननं सांगितलं, चार वाक्यांत. थोम ताडकन उठली. बाप पडवीत बसला होता, त्याला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "हाकलून दे. आजच्या आज. जाऊ दे दाऊकाकाकडं."

"हाकलायला उठावं लागेल," न्यान म्हणाली आणि कुशीवर वळली.

ती आठवडाभर तशीच पडून राहिली. सिऊ तिला पेज आणून द्यायचा, ती खायची, बोलायची नाही. तिसऱ्या सकाळी पडवीतून भांड्यांचा आवाज आला. तो पट्ट्या करत होता. व्यापारी आला, त्यानं माल बघितला आणि ओरडला, "अहो, ही पट्टी आहे का गोणपाट? हे मी विकू कुठं?"

 न्याननं पडल्या पडल्या आवाज दिला, "पीठ पातळ करा."

थोड्या वेळानं, "झाकण लवकर काढताय. वाफ धरू द्या."

आणि मग, "कामटी आडवी धरा, थोमचे बाबा. उभी धरली की फाटणारच."

त्याची बोटं भाजली. दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्याही परत आल्या, त्या बदकांना घातल्या. त्याच्या पुढच्या दिवशी व्यापाऱ्यानं तोंड वाकडं करून निम्म्या घेतल्या. ज्या दिवशी सगळ्या घेतल्या, त्या दिवशी न्यान उठली, केस विंचरले, अंगणात येऊन बसली.

"पहाटेचं काम यापुढं तुमचं," ती म्हणाली. "मी उजाडल्यावर उठणार."

"बरं."

"आणि थोमला रस्सा शिकवा."

"मुलीला?" सिऊ चाचरला. "गावची रीत..."

"रीत तुम्ही मला सांगताय?"

सिऊनं मान खाली घातली. मग विचारलं, "कुठला शिकवू? आजोबांचा?"

"तो तर शिकवाच. तिकडचा तिला हवा असेल तर तोही शिकवा. चुलीचा काय दोष?"

थोम पहिले काही दिवस बापाशी एक शब्दही बोलली नाही. नुसती हाताकडं बघायची आणि शिकायची. कारखान्याच्या फाटकाशी तिनं रविवारी एक चूल मांडली. सुटी नसलेल्या मुली तिथं यायच्या, कुठून कुठून आलेल्या, मिचमिच्या डोळ्यांच्या, कामानं पेंगुळलेल्या. आपल्याकडच्यांना खारा रस्सा आणि पात लागायची. दक्षिणेकडच्या दोघीतिघी होत्या, त्या लाजत लाजत साखर मागायच्या. थोम हसत नसे, पण द्यायची.

असा हिवाळा निघून गेला. पुन्हा उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा एका सकाळी सिऊ न्यानच्या पुढं येऊन नुसताच उभा राहिला.

"काय?"

"साऊचा दिवस आहे उद्या. एक वाडगा तिच्या नावानं... तिचं माणूस असं कुणी नाही. घरात नाही ठेवणार मी. आईबाबांच्या देव्हाऱ्यावर तर नाहीच. तळ्याकाठी ठेवीन, उदबत्ती लावीन, बस."

न्यान तांदूळ निवडायला लागली. दिवसभर तिनं हो-नाही केलं नाही. सिऊनं ते नाही म्हणूनच घेतलं असावं, पण दुसऱ्या दिवशी त्यानं रस्सा केला, पाला धुतला, आणि वाडगा घेऊन खुरडत तळ्याकडं निघाला. न्यान पडवीत बाजेवर बसली होती.

"तिथं कुत्री आहेत," ती म्हणाली. "इथं ठेवा, पडवीत."

त्यानं स्टूल आणलं, त्यावर वाडगा ठेवला. उदबत्ती लावली.

"वयानं केवढी होती?" न्याननं विचारलं.

"तुझ्यापेक्षा मोठी."

"दिसायला?"

"साधीच. दात पुढं होते थोडे." मग म्हणाला, "तीपण सारखी दमलेली असायची."

न्याननं मान हलवली. तेवढं तिला पटलं. दमलेली बाई तिला समजत होती, न बघितलेली असली तरी. तिच्या मनात त्या बाईबद्दल माया उपजली असं नाही. राग सापडत नव्हता तशी मायाही सापडली नाही. पण उदबत्ती जळून संपेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, उठून आत गेली नाही, आणि सिऊला ते पुरेसं झालं असावं, कारण तो स्टुलाशी उकिडवा बसून आवाज न करता रडला.

उदबत्ती विझली. नैवेद्य घरच्यांनी खायचा असतो. सिऊनं वाडगा उचलून तिच्यापुढं केला.

"गार झालंय," ती म्हणाली.

त्यानं गरम करून आणला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा त्याच्याकडं सरकवला. दुपारी थोम आली, स्टुलावरची राख बघितली, आईकडं बघितलं.

"माफ केलंस तू त्यांना?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"मला नाही माहीत," न्यान म्हणाली. "विचार करायला बसले की डोळे मिटायला लागतात."

ती अजून उजाडल्यावरच उठते. लोकांना वाटतं, झोप पुरी झाली की दमणूक जाते. न्यानची गेली नाही, नुसती जरा हलकी झाली. सिऊच्या पट्ट्या आता बऱ्या येतात, फक्त कडा जाड राहतात, आणि व्यापारी त्यावरून रोज एकदा बोलतोच. त्याच्या दुसऱ्या गुडघ्यालाही आता सूज यायला लागली आहे. थोम म्हणते, डॉक्टरला दाखवा. तो म्हणतो, भात लावून झालं की बघू. न्यान अंगणात बसून दोघांचं ऐकते आणि शेंगा सोलते. ऊन अंगावर आलं की बाज सावलीत ओढून घेते.